पुढची तारीख

दयारामना लोकअदालतीने मारलं, असं मथुराआत्या भेटेल त्याला सांगत होत्या. दयाराम अजून जिवंत होते, गास गावातल्या घरी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून होते आणि पुढ्यातला चहा निवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहत होते, ही आत्यांच्या लेखी किरकोळ बाब होती. श्वास काय, लोहाराचा भाता पन घेतो, असं त्या आपल्या सख्ख्या धाकट्या भावाबद्दल म्हणत.

थोरल्या मुलाला, प्रीतमला, हे फार झोंबे, कारण ती तडजोड त्यानेच घडवून आणली होती. बाबा आणि शेजारचे बॅप्टिस्ट यांच्यातला विहिरीकाठच्या दीड हात जागेचा दावा प्रीतमला मिसरूड फुटायच्या आत सुरू झाला होता आणि त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी चालूच होता. त्या दीड हातात अळूखेरीज काही उगवत नसे. तेवढ्यासाठी दोन वकील म्हातारे होऊन वारले आणि त्यांचे मुलगे वकील होऊन तेच भांडण पुढे चालवू लागले. शेवटी प्रीतम आणि बॅप्टिस्टचा मेलरॉय यांनी एकत्र बसून ठरवलं, की या वयात म्हाताऱ्यांच्या डोक्याला हा ताप नको. दोघांना एका गाडीत घालून लोकअदालतीत नेलं, जागा निम्मी-निम्मी केली, सह्या झाल्या, हार घातले, फोटो निघाला. दोन्ही घरांनी जावं-यावं म्हणून मधल्या कुंपणाला नवं कोरं फाटक बसवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दावा म्हणजे काय होता हे मुलांना कधी कळलंच नव्हतं. प्रीतमच्या बायकोला, हेमांगीला, ते थोडंफार कळत होतं, कारण तारखेचा शर्ट इस्त्री करायचं काम तिच्याकडे होतं. तारीख जवळ आली की बाबांना तरतरी येई. ते केस काळे करत. जेवताना उलटतपासणी चाले, की बाप्त्या असं म्हणाला तर मी तसं म्हणेन. तारखेच्या सकाळी गासच्या नाक्यावरून दोघे एकाच रिक्षात बसत, कारण भांडणासाठी दोन रिक्षा करणं दोघांच्याही तत्त्वात बसत नव्हतं. वसईपर्यंत एकमेकांच्या आज्यापणज्यांचा उद्धार करत. कोर्टात दोन मिनिटांत पुढची तारीख पडे. परतताना पापडीला उतरून भजीपाव खात, आणि तिथेही कोण खोटं बोललं यावर हुज्जत घालत. मग घरी आल्यावर कितीतरी दिवस पुरेल एवढं सांगायला असे. सासूबाई गेल्या तेव्हा तारीख नेमकी दिवसांतच येत होती. तेव्हा मुदत बॅप्टिस्टनी मागितली होती, आपल्या वकिलाकडून. समोरच्याची बायको गेली म्हणून यानं मुदत मागितली, हे त्या वकिलाला पचायला जड गेलं होतं.

तडजोडीनंतर दोघे एकमेकांना मान देऊ लागले आणि तिथेच घात झाला. जन्मभराचे दयाऱ्या आणि बाप्त्या एका दिवसात दयारामभाऊ आणि बॅप्टिस्टराव झाले. बॅप्टिस्ट फाटकातून येत, कसे आहात विचारत. बाबा, बरे आहोत, म्हणत. मग दोघेही अळूकडे बघत बसत. थोड्या वेळाने बॅप्टिस्ट, येतो मग, असं म्हणून उठत. पुढेपुढे तेही थांबलं. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना ते फाटकाशी उभे राहून हात वर करत आणि बाबा झोपाळ्यावरून मान हलवत, एवढंच उरलं.

मग बाबा दाढी करेनात. वाडीत जाईनात. सोनटक्क्याला पाणी कोण घालतं, केळीचा घड कधी उतरवला, काही विचारेनात. डॉक्टर झाले. थायरॉइड झालं, बी-ट्वेल्व्ह झालं, मेंदूचा फोटो झाला आणि त्यात मेंदू व्यवस्थित असल्याचं निघालं, ही बातमी घरात सगळ्यांनाच नवीन होती. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि माणसांत मिसळू द्या म्हणाल्या. म्हणून प्रीतम त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या हास्यक्लबात घेऊन गेला. तिथून आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, की सगळे हसतात, कशाला हसायचं ते कोनी सांगत नाय.

आणि मग एका दुपारी त्यांनी हेमांगीला जवळ बोलावून सांगितलं, "ते हजार चंद्राचं काय करतात ते यंदाच उरकून घ्या. झालं म्हनजे मी मोकळा."

कशातून मोकळा, हे तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्या दिवसापासून तिला धड झोप लागेना.

*

सहस्रचंद्रदर्शन एक जूनला रविवारी ठरलं. धाकटा केयूर सकाळीच आत्यांना घेऊन चंदनसारहून आला. आत्यांना मूलबाळ नव्हतं, यजमान केव्हाच गेले होते, आणि त्या केयूरच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. तिथे लिफ्ट होती, गरम पाणी होतं, सगळं होतं. बोलायला फक्त कामवाली होती आणि ती आत्यांच्या बोलीतलं अर्धं समजत नसे. केयूर मुंबईहून रात्री येई आणि आत्या, जेवलात ना, एवढं विचारून मोबाइलमध्ये तोंड घाली. तो काही वाईट पोरगा नव्हता. थकलेला होता, आणि थकलेला माणूस वाईट माणसासारखाच वागतो.

मागीलदारी हेमांगी कणकेचे दिवे करत बसली होती. आत्यांनी पाट ओढला, कणकेचा गोळा हातात घेतला आणि विचारलं, की तुम्हा दोघींचं काय झालं.

दोघी म्हणजे हेमांगी आणि शेजारची सुझान, मेलरॉयची बायको. दोन घरांतले पुरुष कोर्टात भांडत असल्यापासून या दोघी कुंपणावरून वाट्या देत-घेत आल्या होत्या, त्यामुळे कट करायला त्यांना नव्या फाटकाची गरज नव्हती. सुझाननं सांगितलं होतं की पप्पांचंही तेच चाललंय. अर्धी पोळी खातात आणि रेडिओ लावून बंद करतात. दोघींनी मिळून ठरवलं की यांचं भांडण पुन्हा लावायचं.

सुझाननं मुद्दाम केळीची खुंटं तोडून दयारामांच्या हद्दीत फेकली. बाबांनी ती स्वतः उचलून एका बाजूला नीट रचली आणि निरोप पाठवला की चुकून पडलं असेल, त्यांना नेऊन द्या. मग हेमांगीनं पंप चालू ठेवून बॅप्टिस्टच्या वाडीत पाण्याचं तळं केलं. तर बॅप्टिस्टनी आभार मानले, म्हणाले, ऊन फार आहे, बरं झालं. हेमांगीनं डोक्याला हात लावला. आयुष्यभर ज्यांना एकमेकांचं पान हललेलं खपलं नाही, त्यांना आता पूर आलेला खपत होता.

एवढ्यात प्रीतम हळदकुंकवाचं तबक शोधत आत आला आणि त्याच्या कानावर शेवटचं पडलं. तो दारातच थांबला.

"म्हणजे तो पंप तू चालू ठेवला होतास?"

"हो."

"हेमांगी, तीस-पस्तीस वर्षांचा तंटा मी मिटवला. पेपरात आलं होतं."

"पेपरात आलं ते बरंच झालं," ती म्हणाली. "पण बाबा काल दिवसभरात किती शब्द बोलले ते सांग."

तो बोटांवर मोजायला लागला. तेवढ्यात केयूर पाण्याचा ग्लास घेऊन मागून आला आणि त्यानं भावाची बाजू घेतली. वहिनी, भांडण कधी औषध असतं का, बीपी वाढेल, ऐंशीच्या वर वय आहे. प्रीतमला भाऊ मिळाल्यासारखं वाटलं. शांतता हवी या वयात, असं दोघांनी एकामागोमाग एक म्हटलं.

"शांतता मना पन हाय," आत्या कणीक मळता मळता म्हणाल्या. "चौथ्या माळ्यावर हाय. या बघायला."

केयूरनं पाणी प्यायलं आणि ग्लास उगाच विसळत बसला. प्रीतमचा नव्यानं मिळालेला भाऊ तिथल्या तिथे हातचा गेला.

*

बॅप्टिस्ट मिस्साहून आले तेव्हा सुझान त्यांचा पांढरा शर्ट घेऊन उभी होती. शेजारी जेवायला जायचं होतं. तिनं शर्टाबरोबर विनवणीही पुढे केली. पप्पा, आज काहीतरी बोला त्यांना, टोचून बोला, पूर्वीसारखं.

बॅप्टिस्टना सून आवडायची, पण ती जे मागत होती ते देणं त्यांच्या हातात नव्हतं. कोर्टात सही करून आल्यावर उपवासकाळात ते फादरांसमोर गुडघे टेकून बसले होते आणि शेजाऱ्याला आजवर दिलेल्या शिव्यांची कबुली द्यायला लागले होते. यादी इतकी लांबली की मागची रांग खोकायला लागली. शेवटी फादरांनी त्यांना थांबवलं आणि प्रायश्चित्त सांगितलं, की यापुढे शेजाऱ्याशी आदरानं बोला. जपमाळ सांगितली असती तर एका संध्याकाळी आटपली असती. हे प्रायश्चित्त मरेपर्यंतचं होतं.

आदरानं बोलायचं म्हटल्यावर बोलायला काहीच राहत नाही, हे बॅप्टिस्टना पहिल्याच आठवड्यात कळलं. बायको, नॅन्सी, गेल्यावर त्यांनी स्वतःला समजावलं होतं की देव एक दार बंद करतो तर खिडकी ठेवतो. खिडकीतून दयाराम दिसत होता. आता तिथे दयारामभाऊ दिसत, झोपाळ्यावर, मान खाली घालून. रात्री ते देवाला सांगायचे की याला आधी नेऊ नको. माझी हौस म्हणून नाही, पण हा गेला तर मला ओळखणारं कोण उरलं.

सुनेला यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. शर्टाची बटणं लावली आणि म्हणाले, "शिव्या द्यायच्या नाय असं ठरलंय माझं. देवाशी."

"शिव्या नका देऊ," सुझान म्हणाली. "खरं बोलला तरी पुष्कळ होईल."

*

मांडवात पन्नासएक माणसं होती. पाव्हणे होते, आळीतले होते, चर्चच्या बाजूचेही होते. दयारामांना नवं धोतर नेसवून, मुंडावळ्या बांधून पाटावर बसवलं होतं. ते बसवतील तसे बसले होते. भटजी मंत्र म्हणत होते, हेमांगी दिव्यांत वाती घालत होती, आणि पहिल्या रांगेत बॅप्टिस्ट कोकम सरबताचा पेला हातात धरून बसले होते. मथुराआत्या त्यांच्या शेजारी.

ओवाळण्याआधी दोन शब्द बोलायची प्रीतमला हौस आली. माईक भाड्यानं आणला होता, तो वाया कसा घालवायचा. त्यानं वडिलांच्या कष्टांचं सांगितलं, वाडीचं सांगितलं, सलोख्याचंही आडून आडून सांगितलं, आणि आवाज भरून आल्यावर म्हणाला, की बाबा म्हणजे आपल्या सगळ्या आळीतलं सर्वांत जुनं माणूस.

"सगळ्यात जुना मी हाय," बॅप्टिस्ट म्हणाले.

ते मोठ्यानं बोलले नव्हते. पण प्रीतम नेमका श्वास घ्यायला थांबला होता. प्रीतम माईकमध्ये हसला आणि म्हणाला, काका, तुम्ही दोघं बरोबरीचेच.

बॅप्टिस्टनी पेला खाली ठेवला. ही गोष्ट त्यांनी कोर्टातही कधी काढली नव्हती, कारण तिथे कुणी विचारली नव्हती. शिवाय ती शिवी नव्हती.

"बरोबरीचे नाय. मी आदल्या सालचा, ते माझ्या मागून. त्यांचे हजार चंद्र अजून झालेच नाय."

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. पाटावर दयारामांची मान हळूहळू वर आली. त्यांनी बॅप्टिस्टकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं.

"काय म्हनाला?"

त्यांना ऐकू गेलंय हे हेमांगीला दिसत होतं. ते तिला पुन्हा ऐकवायला सांगत होते. तिनं वात खाली ठेवली आणि पदरचं मीठ घालून वाढलं. "बाबा, ते म्हणतात तुमचं वय खोटं आहे."

"कोन म्हनतो?"

"बॅप्टिस्टराव."

"तो राव कधीपासून झाला?" दयाराम म्हणाले. आवाज पुष्कळ दिवस न उघडलेल्या खोलीसारखा होता. मग त्यांनी खाकरून तो मोकळा केला. "बाप्त्या, इकडे ये. माझ्या समोर येऊन बोल."

बॅप्टिस्ट उठले. छातीवर क्रूस केला, तो आधीच क्षमा मागून ठेवायला असावा, आणि पाटासमोर जाऊन उभे राहिले.

"तुझी जन्मतारीख तुझ्या आईनं दिलेली नाय, दयाऱ्या. शाळेत घालताना पाटीलमास्तरनं दिली. एक जून. अर्ध्या गासचा वाढदिवस एक जूनला असतो, सगळ्या आया काय ठरवून बाळंत झाल्या?"

यावर मांडवातले तीन म्हातारे एकदम खाली बघू लागले, कारण त्यांचाही वाढदिवस त्याच दिवशी होता.

"तारीख मास्तरची असंल. साल माझं हाय."

"साल पन मास्तरचं. मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याची बोट फुटली तेव्हा मी पाळन्यात होतो. माझा बाप्तिस्मा झाला होता. माझी आई सांगायची, तू त्यानंतर वर्षानं आलास."

"गोदी फुटली तेव्हा मी होतो."

"तू देवाच्या दारात पन नव्हतास."

"मी होतो. माझ्या आईनं सांगितलंय."

"तुझी आई विहिरीच्या हद्दीबद्दल पन पुष्कळ सांगायची."

हे ऐकून दयाराम पाटावरून उठले. काठी न घेता. प्रीतम धावला, बाबा, बीपी, म्हणाला, आणि माईक हातात असल्यानं बीपी सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. त्यानं भटजींना खूण केली की तुम्ही चालू करा. भटजी कोरडेपणानं म्हणाले की वयाचाच वाद निघाला तर मला कर्माचा संकल्प कसा सोडता येईल, यजमानांनी आधी ठरवावं. तेव्हा केयूर पुढे झाला. प्रीतमला वाटलं भाऊ मदतीला आला. केयूरनं त्याच्या हातातला माईक काढून घेतला आणि वडिलांच्या हातात दिला.

"बोला बाबा," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू येत नाही."

मागच्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. सुझान हेमांगीच्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला होता. समोर ऐंशी वर्षांचे दोन म्हातारे एका माईकवर झोंबत होते. मास्तर निघाला, मास्तरची दारू निघाली, बॅप्टिस्टच्या बापानं चोरलेला नारळ निघाला, दयारामांच्या मुंडावळ्या एका बाजूला लटकत होत्या आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. त्यांचे गाल लाल झाले होते. हेमांगीला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

"साक्षीदार हाय माझा," दयाराम शेवटी गरजले. "अक्का, सांग याला. तू तेव्हा सात वर्षांची होतीस. गोदी फुटली तेव्हा मी होतो का नव्हतो?"

सगळा मांडव मथुराआत्यांकडे वळला. गोदी फुटल्याचं आठवणारं आळीत दुसरं कुणी उरलं नव्हतं. आता जे त्या बोलतील ते शेवटचं, हे बॅप्टिस्टनाही माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा जोर एकदम ओसरला. माईकमधून फक्त दोघांची धाप ऐकू येत होती.

आत्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. भावाकडे बघितलं. मग त्याच्या शेजाऱ्याकडे.

"आवाज झाला होता मोठा," त्या म्हणाल्या. "विहिरीवरच्या कळशा वाजल्या. तेवढं आठवतं."

"आनि मी?"

"ते आठवत नाय."

"आठव की."

"आठवेल," आत्या म्हणाल्या. "म्हातारीचं डोकं हाय, घाई करून चालनार नाय. मना पुनवेच्या पुनवेला जरा बरं आठवतं. पुढल्या पुनवेला येते, तेव्हा बघू. नाय आठवलं तर त्याच्या पुढल्या पुनवेला. दोघं समोर पायजे. एकट्यासमोर सांगनार नाय मी."

दयारामांनी माईक भटजींकडे दिला.

"दिवे लावू नका," त्यांनी सांगितलं. "आधी याचा निकाल लागू दे. मग ओवाळा."

"कितीही वर्षं लागोत," बॅप्टिस्ट म्हणाले.

"लागोत."

*

दिवे न पेटताच पंगत बसली. दोघे समोरासमोर बसले, कारण बाजूबाजूला बसून नीट भांडता येत नाही. दयारामांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. प्रीतम वाढत होता. त्यानं वडिलांच्या पानाकडे बघितलं, मग बॅप्टिस्टच्या पानात आग्रह करून आणखी एक मूद टाकली आणि मागीलदारी जाऊन तोंडावर पाणी मारलं. आपण मिटवलेलं सगळं एका दुपारी उसवलं म्हणून त्याला लाज वाटत होती, आणि इतका आनंद त्याला लोकअदालतीच्या दिवशीही झाला नव्हता. दोन्ही खरं होतं.

उन्हं कलल्यावर केयूर गाडी काढायला गेला. जाता जाता त्यानं हेमांगीला विचारून घेतलं की पौर्णिमा नेमकी कधी येते, म्हणजे त्या दिवशी रजा टाकता येईल, आत्यांना आणायला हवं. ओटीवर भांडण चालूच होतं. ते आता पाटीलमास्तर डाव्या हातानं लिहायचे की उजव्या, इथवर आलं होतं.

आत्या मागच्या पायरीवर बसून पान लावत होत्या. हेमांगी त्यांच्या शेजारी टेकली. इतका वेळ तिनं दम धरला होता.

"आत्या, खरंच नाही आठवत?"

"सगळं आठवतं." आत्यांनी चुन्याचं बोट पायरीला घासलं. "गोदी फुटली तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. आठ-पंधरा दिवसांचा असंल. इतका मोठा आवाज झाला की घाबरून मी त्याला खाली टाकला. डोक्यावर पडला. आईनं मना मारलं होतं त्याबद्दल."

"म्हणजे बाबाच बरोबर आहेत."

"बरोबरच हाय तो." आत्यांनी पान तोंडात टाकलं आणि ओटीकडे कान दिला. तिकडे दयाराम काहीतरी ओरडत होते आणि बॅप्टिस्ट त्याहून मोठ्यानं. "पन बरोबर ठरला तर परत झोपाळ्यावर जाऊन बसंल."